दहा खिसे आणि ४४ डॉलर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी एक कोडे घालतो. कागद-पेन्सिल लागणार नाही, कॅल्क्युलेटर तर नाहीच. बॉब नावाच्या एका गृहस्थाच्या कपड्यांना १० खिसे आहेत आणि त्याच्याजवळ चांदीचे ४४ डॉलर आहेत. त्याला ही सगळी नाणी खिशांत अशा तऱ्हेने ठेवायची आहेत की कोणत्याही दोन खिशांतल्या नाण्यांची संख्या सारखी असता कामा नये. एखादा खिसा रिकामा राहिला तरी हरकत नाही. जमेल का त्याला? उत्तर लगेच सांगत नाही. बोलण्याच्या ओघात आपण तिथे येऊच. तोवर हे कोडे डोक्यात घोळू द्या.

हे कोडे आले आहे ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी घेतलेल्या गणित स्पर्धेतून. ही स्पर्धा १९४६ साली सुरू झाली आणि १९६५ साली शेवटची घेतली गेली. जेमतेम वीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या एका परीक्षेची आठवण आज कशाला काढायची, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. विद्यापीठाने शाळेतल्या मुलांना परीक्षेला बोलवायचे ते नेमके कशासाठी? त्यांना किती शिकवून झाले आहे ते मोजण्यासाठी, की त्यांना विचार करता येतो का ते पाहण्यासाठी? दहावी-बारावीच्या मोसमात घराघरांत जो ताण असतो, तो पाहिला की हा प्रश्न आपल्यालाही परका वाटणार नाही. स्टॅनफर्डच्या परीक्षेने त्याचे एक स्वच्छ उत्तर दिले होते. आणि ते उत्तर कॅलिफोर्नियात तयार झालेले नव्हते. ते आले होते बुडापेस्टहून.

पण बुडापेस्टला जाण्याआधी थोडे केंब्रिजला जाऊ. कारण गणिताची स्पर्धा म्हटले की मराठी माणसाला आधी आठवतात ते रँग्लर परांजपे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले, म्हणजे पहिले आले. एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळालेला हा मान. पण तो मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, मंत्री झाले, तरी लोकांच्या तोंडी ते 'रँग्लर'च राहिले. एका परीक्षेतला क्रमांक माणसाच्या नावाआधी कायमचा लागावा, एवढा त्या परीक्षेचा दबदबा होता.

ही ट्रायपॉस परीक्षा विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांची. तिच्यात कलनशास्त्राचा, म्हणजे ज्याला आपण सर्रास कॅल्क्युलस म्हणतो त्या विषयाचा वाटा मोठा. प्रश्न पुष्कळ आणि वेळ अपुरा. तिथे नुसती बुद्धी पुरत नसे, हात भरभर चालावा लागे. त्यामुळे खासगी शिकवण्यांचे मोठे प्रस्थ होते. एडवर्ड राउथ नावाच्या एकाच शिक्षकाच्या शिकवणीतून दोन डझनांहून अधिक सीनिअर रँग्लर बाहेर पडले! आपल्याकडच्या क्लासवाल्यांनीही हात जोडावेत असे हे काम. पण या शर्यतीचा उबग आलेली माणसे केंब्रिजमध्येच होती. रामानुजनला इंग्लंडला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी हे त्यांतले एक. ते स्वतः १८९८ सालचे चौथे रँग्लर. म्हणजे द्राक्षे आंबट म्हणणाऱ्यांपैकी नव्हेत. या परीक्षेने विद्यार्थी घाण्याला जुंपले जातात आणि इंग्लंडचे गणित मागे पडते, असे ते उघड म्हणत. अखेर १९०९ नंतर क्रमवार यादी लावण्याची पद्धत केंब्रिजने बंद केली.

परांजपे केंब्रिजला जाण्याच्या थोडे आधी, १८९४ साली, हंगेरीत एक अगदी वेगळी परीक्षा सुरू झाली होती. लोरांड ओटव्होश हे तिथले मोठे पदार्थवैज्ञानिक. हंगेरीच्या गणित व भौतिकी परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या वर्षी त्यांची शिक्षणमंत्री म्हणून नेमणूक झाली. मंत्रिपद काही महिनेच टिकले. पण त्यांच्या सन्मानार्थ परिषदेने एक कायमची गोष्ट सुरू केली. शाळा संपवून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी दर वर्षी शरद ऋतूत गणिताची एक स्पर्धा. सत्कार करायचा तर हार-तुऱ्यांऐवजी मुलांना अवघड गणिते घालावीत, ही कल्पनाच मोठी गोड आहे.

या स्पर्धेचे नियम ऐकण्यासारखे आहेत. प्रश्न फक्त तीन. अभ्यासक्रम शाळेचाच, त्याबाहेरचे काही लागत नाही. सोबत पुस्तके, वह्या, टिपणे काय हवे ते आणावे. कारण उत्तर कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही, याची परीक्षकांना खात्री! बक्षिसे दोन, पहिले आणि दुसरे. पाठांतराला इथे काही किंमत नव्हती आणि घाईलाही नव्हती. तीनच प्रश्न असल्यावर धावायचे कुठे? बसायचे, पाहायचे, चुकायचे, खोडायचे आणि पुन्हा पाहायचे.

त्याच सुमारास ग्यॉर गावातल्या दानियल अरान्य या शाळामास्तरांनी माध्यमिक शाळांसाठी गणिताचे एक मासिक सुरू केले होते. दर अंकात गणिते छापायची, मुलांनी उत्तरे पाठवायची आणि चांगली उत्तरे पाठवणाऱ्याच्या नावासह पुढच्या अंकात छापून यायची. म्हणजे वर्षातून एकदा स्पर्धा आणि वर्षभर तिची ही घरबसल्या तालीम. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या खर्चात खेड्यातले पोरही राजधानीतल्या पोराच्या बरोबरीला येई.

या दोन साध्या उपक्रमांतून काय पीक आले ते पाहा. १८९७ साली दुसरा आलेला मुलगा पुढे लिपोट फेयेर या नावाने जगप्रसिद्ध गणिती झाला. १८९८ च्या विजेत्यांत थिओडोर फॉन कार्मान होते. विमानांच्या आणि अग्निबाणांच्या शास्त्रात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. देनेश कोनिग, आल्फ्रेड हार, टिबोर राडो ही गणिताच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकांतून भेटणारी नावे याच यादीतली. १९२५ च्या विजेत्यांत एडवर्ड टेलर होते, ज्यांचे नाव पुढे हायड्रोजन बॉम्बशी कायमचे जोडले गेले. आणि १९१२ सालचा विजेता होता गाबोर सेगो. आपल्या गोष्टीतला पहिला नायक तो हाच.

सेगोचा जन्म १८९५ चा. शाळेत असताना तो त्या मासिकाची चातकासारखी वाट पाहत असे. अंक हाती पडला की आधी गणितांचे पान उघडायचे. बक्षीस मिळाल्यावरही त्याची ही ओढ कमी झाली नाही. मोठेपणी तो जर्मनीत क्योनिग्जबर्गच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला.

दुसरा नायक जॉर्ज पोल्या. हा सेगोपेक्षा आठ वर्षांनी मोठा, बुडापेस्टचाच. याची तऱ्हा निराळी. शाळेत गणिताची विशेष गोडी नव्हती. गणिताचे शिक्षक बहुतेक वाईटच होते, असे तो पुढे सांगे. विद्यापीठात आधी कायदा घेतला, तो सोडला. मग भाषा आणि साहित्य, मग तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञान नीट कळावे म्हणून गणित आणि भौतिकी शिका, असे प्राध्यापकांनी सुचवले आणि स्वारी अखेर गणिताकडे वळली. भौतिकीला मी कमी पडतो आणि तत्त्वज्ञानाला जास्त होतो, गणित मधोमध आहे, असे तो गमतीने म्हणत असे. ओटव्होश स्पर्धेला पोल्याही बसला होता. पण त्याने पेपर परीक्षकांच्या हाती दिलाच नाही! एवढे लक्षात ठेवा, शेवटी याचा उपयोग आहे.

या दोघांनी मिळून १९२५ साली जर्मन भाषेत एक दोन खंडांचा ग्रंथ काढला. विषय होता विश्लेषण, म्हणजे कलनशास्त्राचेच पुढचे प्रगत रूप. ग्रंथाची मांडणी अशी की प्रमेये सांगून सिद्धता देत बसायचे नाही. गणितांची साखळीच लावायची. एक गणित सुटले की त्यातून दुसरे सुटावे, दुसऱ्यातून तिसरे, आणि शेवटी वाचणाऱ्याला कळावे की आपण एक मोठे प्रमेय स्वतःच सिद्ध करून बसलो आहोत. बुडापेस्टच्या त्या तीन प्रश्नांची पद्धत आता विद्यापीठाच्या उंबरठ्याच्या आत आली होती.

मग युरोपावर नाझींची सावली पडली. दोघेही ज्यू वंशाचे. सेगोला जर्मनीत राहणे अशक्य झाले. १९३४ साली तो अमेरिकेत सेंट लुईसला गेला आणि १९३८ मध्ये स्टॅनफर्डच्या गणित विभागाचा प्रमुख झाला. पोल्या स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला शिकवत होता. १९४० साली त्यानेही युरोप सोडले आणि १९४२ मध्ये तो स्टॅनफर्डला सेगोजवळ आला. इकडे हंगेरीत १९४३ पर्यंत स्पर्धा कशीबशी चालू राहिली. १९४४, १९४५ आणि १९४६ ही तीन वर्षे ती झालीच नाही. देशच उद्ध्वस्त झालेला, गणिते कोण घालणार आणि कोण सोडवणार!

आणि नेमक्या १९४६ साली, बुडापेस्टमध्ये सारे सामसूम असताना, हजारो मैलांवरच्या कॅलिफोर्नियात तीच परीक्षा नव्या नावाने सुरू झाली. सेगोने पुढाकार घेतला, पोल्या सोबतीला होताच. पहिल्या वर्षी ६० शाळांतली ३२२ मुले बसली. वेळ तीन तास. प्रश्न तीन ते पाच. ठरावीक रीतीची गणिते किती सफाईने येतात हे पाहायचे नाही, मुलाला स्वतःची दृष्टी आणि कल्पकता आहे का ते पाहायचे, हे धोरण पहिल्यापासून स्पष्ट होते. घर सोडून आलेली माणसे आपल्याबरोबर देव्हाऱ्यातले देव नेतात, लोणच्याची कृती नेतात. या दोघांनी आपल्या गावची परीक्षा नेली.

आता बॉबकडे वळू. बरेच लोक नाणी वाटून पाहायला लागतात आणि अडकतात. जरा उलटीकडून पाहा. १० खिशांत वेगवेगळ्या संख्येने नाणी ठेवायची तर कमीत कमी किती नाणी लागतील? पहिला खिसा रिकामा, दुसऱ्यात १, तिसऱ्यात २, असे करत दहाव्यात ९. शून्यापासून नऊपर्यंतची बेरीज ४५. म्हणजे कमीत कमी ४५ नाणी हवीत आणि बॉबजवळ आहेत ४४. एका डॉलरने घोळ झाला! तेव्हा उत्तर 'नाही' असेच. यात बेरजेपलीकडचे गणित नाही. पण 'वाटून कसे पाहू' याऐवजी 'कमीत कमी किती लागतील' असा प्रश्न स्वतःला विचारणे, ही खरी उडी. ती उडी मुलाला मारता येते का, एवढेच परीक्षकांना पाहायचे होते.

त्याच परीक्षांतले आणखी एक गणित. आजोबांच्या कागदपत्रांत एक जुने बिल सापडले. ७२ टर्की कोंबड्यांचे. एकूण रकमेचा पहिला आणि शेवटचा आकडा पुसट होऊन गेला आहे. मधले तेवढे दिसतात, सदुसष्ट डॉलर आणि नंतर दशांश चिन्हापुढे नऊ. म्हणजे सदुसष्टाच्या आधी एक आकडा गेला आहे आणि नवाच्या नंतर एक. तर एका कोंबडीची किंमत काय? ७२ ने भाग जातो म्हणजे ८ ने जातो आणि ९ नेही जातो. आठाच्या कसोटीने शेवटचा आकडा २ ठरतो, नवाच्या कसोटीने पहिला ३. रक्कम झाली ३६७ डॉलर ९२ सेंट, आणि एक कोंबडी ५ डॉलर ११ सेंटला. भाज्यतेच्या कसोट्या आपण प्राथमिक शाळेत घोकतो आणि विसरतो. इथे त्याच कसोट्या गुप्तहेरासारख्या कामाला लागतात.

पोल्याचे 'हाउ टु सॉल्व्ह इट' हे छोटेखानी पुस्तक १९४५ साली निघाले. गणिताच्या शिक्षकांत ते जगभर वाचले गेले. त्याच्या १९५७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी सरावासाठी जी गणिते दिली आहेत, ती एखाद-दुसरे सोडले तर स्टॅनफर्डच्या या परीक्षांतलीच आहेत. त्यामुळे परीक्षा बंद पडली तरी तिचे प्रश्न जगभर फिरत राहिले.

इथे एक शंका येईल. सेगो आणि पोल्या दोघेही कलनशास्त्रातले दिग्गज. मग त्यांनी मुलांना कलनशास्त्रच का विचारले नाही? साधे कारण म्हणजे तेव्हा अमेरिकेतल्या शाळांत तो विषय शिकवला जात नसे, तो कॉलेजचा समजला जाई. जे शिकवलेच नाही ते विचारले, तर चांगल्या शाळेतल्या किंवा शिकवणी लावलेल्या मुलाचे फावते आणि खेड्यातला हुशार मुलगा मागे राहतो. पण मला त्यामागे आणखीही एक कारण दिसते. एक उदाहरण घेऊ. ४० मीटर दोरीने जास्तीत जास्त जागा वेढायची आहे. जागेचा आकार आयत हवा. लांबी-रुंदी किती ठेवाल? बारावीचा मुलगा लगेच अवकलन करील, उत्तर शून्याबरोबर मांडील आणि दोन ओळींत सांगेल की प्रत्येक बाजू १० मीटर. उत्तर बरोबर आहे. पण हेच असेही पाहता येते. लांबी आणि रुंदी मिळून २० मीटर. लांबी दहापेक्षा जितकी जास्त घ्याल तितकी रुंदी दहापेक्षा कमी होणार. लांबी १३ तर रुंदी ७. क्षेत्रफळ ९१, म्हणजे शंभरातून ३ चा वर्ग वजा. लांबी १५ तर रुंदी ५. क्षेत्रफळ ७५, शंभरातून ५ चा वर्ग वजा. जितके दहापासून दूर जाल तितका तोटा, आणि तोटा शून्य केव्हा? दोन्ही बाजू दहा असतील तेव्हा. हे सातवीतल्या मुलीलाही कळते, आणि कळले की विसरत नाही. अवकलनाची रीत हे फार मोठे हत्यार आहे, यात वाद नाही. पण हत्यार हाती आले की माणूस डोळे मिटून चालवू लागतो. पोल्या-सेगोंना आधी डोळे उघडे हवे होते.

खुद्द कलनशास्त्राची वाढही स्पर्धेच्या गलबल्यात झालेली आहे. १६९६ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातले प्राध्यापक योहान बर्नूली यांनी युरोपातल्या साऱ्या गणितज्ञांना जाहीर आव्हान दिले होते. एका वरच्या बिंदूपासून खालच्या दुसऱ्या बिंदूपर्यंत, पण थेट खाली नव्हे, मणी घसरत यायचा आहे. वाट कोणत्या आकाराची ठेवली तर तो सर्वांत कमी वेळात पोहोचेल? सरळ रेषा हे उत्तर नव्हे, ही त्यातली गंमत. मुदत दिली सहा महिन्यांची, आणि लायब्निट्सच्या सांगण्यावरून ती आणखी वाढवली. न्यूटनला ते गणित १६९७ च्या जानेवारीत दुपारी चारच्या सुमारास मिळाले आणि पहाटे चारपर्यंत जागून त्याने सोडवले, असे त्याच्या भाचीने सांगून ठेवले आहे. न्यूटनच्या त्या रात्रीचे कौतुक सगळे करतात. मला कौतुक वाटते ते बर्नूलीने दिलेल्या सहा महिन्यांचे. प्रश्न खरोखर चांगला असेल तर त्याला वेळ द्यावा लागतो, हे त्याला कळत होते.

स्टॅनफर्डची परीक्षा वाढत गेली. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची परीक्षा झाली तेव्हा सात राज्यांतल्या दीडशेहून अधिक शाळांतली सुमारे १२०० मुले बसली होती. मग ती बंद का पडली? मुले कमी झाली म्हणून नव्हे. विद्यापीठाच्या गणित विभागाचे लक्ष पदव्युत्तर शिक्षणाकडे आणि संशोधनाकडे अधिक वळले. शाळेतल्या मुलांचे पेपर काढायचे, शेकडो उत्तरे बारकाईने वाचायची, ज्या वाटेने मूल गेले ती वाट आधी समजून घ्यायची आणि मगच गुण द्यायचे. हे किचकट, वेळखाऊ आणि नावलौकिक न देणारे काम. चांगल्या परीक्षा बहुधा अशाच बंद पडतात. मुले असतात, प्रश्नही असतात. पेपर तपासायला बसणारी माणसे उरत नाहीत.

दरम्यान अमेरिकेतल्या शाळांचे चित्र पालटत होते. हुशार मुलांना शाळेतच कॉलेजचे विषय शिकवायचे आणि त्यांची देशभर एक परीक्षा घ्यायची, ही 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' योजना कॉलेज बोर्डाने १९५६ पासून राबवली. कलनशास्त्र तिच्यातला एक मुख्य विषय. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि गणित-विज्ञान शिकवण्याची अमेरिकेला एकच घाई झाली. विद्यापीठात शिरण्यासाठी शाळेतच कलनशास्त्र झालेले असणे मोलाचे ठरू लागले. स्पर्धाही वेगळ्या निघाल्या. एमआयटी या प्रख्यात संस्थेत १९८१ पासून तिथल्या विद्यार्थ्यांसाठी समाकलनाची चढाओढ सुरू झाली. स्पेलिंगच्या स्पर्धेसारखी; फळ्यासमोर उभे राहायचे आणि घड्याळाच्या काट्यावर समाकलने सोडवायची. त्यात मौज आहे, टाळ्या आहेत. पण तो ट्रायपॉसच्या कुळातला खेळ.

वेगाची आणि सरावाची नुसती टवाळी करणेही बरोबर नाही. १९८२ साली लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या गारफिल्ड हायस्कूलची १८ मुले कलनशास्त्राच्या त्या देशव्यापी परीक्षेला बसली. वस्ती गरीब, बहुतेक मुले मेक्सिकन वंशाची, कष्टकऱ्यांच्या घरांतली. शिक्षक हाइमे एस्कालांते हे बोलिव्हियातून आलेले. त्यांनी मुलांकडून कसून मेहनत करून घेतली होती. अठराच्या अठरा मुले पास झाली. त्यावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेला संशय आला, कारण १४ जणांच्या उत्तरांत सारखेपणा दिसला. पुन्हा परीक्षा द्या, असे फर्मान निघाले. बारा जणांनी ती दिली आणि बाराही जण पुन्हा पास झाले. पुढे यावर १९८८ साली चित्रपटही निघाला. या मुलांना सरावाने जे दिले ते पोल्याच्या कोड्यांनी दिले नसते. पण त्यांच्यावर दोनदा परीक्षेला बसण्याची पाळी आली, यातच एक गोष्ट दिसते. ज्या परीक्षेत सगळ्यांनी एकाच वाटेने जायचे असते, तिथे उत्तरे सारखी दिसणारच. आणि उत्तरे सारखी दिसली की मुलापेक्षा संशय मोठा होतो.

बुडापेस्टची परंपरा मात्र संपली नाही. हंगेरीतली स्पर्धा १९४७ पासून पुन्हा सुरू झाली आणि पुढे कुर्शाक या गणितज्ञाच्या नावाने चालू राहिली. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत १९६३ साली निघाले, तेव्हा प्रस्तावना लिहिली ती सेगोने. १९५९ मध्ये रुमानियात पहिले आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड झाले. शाळकरी मुलांची ही जागतिक स्पर्धा. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज प्रश्न फक्त तीन. ओटव्होश स्पर्धेचाच आकडा! आणि तिथेही कलनशास्त्र येत असलेच पाहिजे अशी अट नाही. भारताचा संघ १९८९ पासून तिथे जाऊ लागला. १९९६ साली तर हे ऑलिंपियाड आपल्या मुंबईतच भरले होते. ७५ देशांतली मुले आली होती. कधी काळी एका मंत्र्याच्या सत्कारासाठी घातलेली तीन गणिते अशी फिरत फिरत अरबी समुद्राच्या काठापर्यंत आली.

आपल्या मराठीतही या विषयाची ओढ जुनी आहे. मराठी वृत्तपत्रांचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी कलनशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले 'शून्यलब्धि'. किती अर्थपूर्ण शब्द! शून्याकडे जाता जाता जे हाती लागते ते. आज हा शब्द कोणी वापरत नाही. बारावीची मुले अवकलन-समाकलनाची सूत्रे पाठ करतात, सराव परीक्षा देतात, आणि प्रत्येक प्रश्नाला किती मिनिटे द्यायची याचे गणित आधी मांडतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा जसे विचारील तसेच मूल शिकते. पण वर्षातून एखाद्या रविवारी, एखाद्या विद्यापीठाने किंवा गावातल्या कॉलेजने, गुणपत्रिकेशी काहीही संबंध नसलेले तीन प्रश्न घेऊन मुलांना तीन तास निवांत बसवले, तर त्याला खर्च फारसा येणार नाही. पेपर मन लावून वाचणारी चार माणसे तेवढी हवीत.

शेवटी पुन्हा पोल्याकडे येतो. ज्या स्पर्धेत फेयेर, कार्मान, सेगो चमकले, तिच्यात या गृहस्थाच्या नावावर काहीच जमा नाही. पेपर हातात ठेवून तो उठून आला होता. यादी लावून माणसे निवडायची असती तर पोल्या पहिल्याच दिवशी गळाला असता. तरी त्या दिवशी समोर आलेल्या प्रश्नांची जात तो विसरला नाही. चार दशकांनंतर, परक्या देशात, दुसऱ्यांच्या मुलांसाठी त्याच जातीचे प्रश्न काढायला तो बसला. १९८५ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी तो वारला. कॅलिफोर्नियातल्या त्या शेकडो मुलांतही पेपर कोरा ठेवून उठलेली पुष्कळ असतील. घरी जाताना त्यांच्याही डोक्यात बॉबचे दहा खिसे घोळत राहिले असतील. मला वाटते, सेगो आणि पोल्यांना त्यांच्याकडून एवढेच हवे होते.